गावाची एसटी बंद झाली, तर दाद कुठे मागायची?

शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढायची सोय झाली आणि नागपूर जवळ आलं. पण त्या रस्त्यावर दुचाकी आणि ऑटोला मनाई आहे. आसपासच्या खेड्यांतली मुलगी कॉलेज सुटल्यावर आजही फाट्यावर एसटीचीच वाट पाहते. संध्याकाळची फेरी बंद झाली की आधी तिचंच शिक्षण बंद होतं. बैठकीत पालक विचारतात, "गाडीसाठी कोणाला भेटायचं?" बहुतेक जण पुढाऱ्याच्या घरी जातात. कायदा मात्र वेगळा पत्ता सांगतो.

मोटार वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे मोटार वाहन कायदा, १९८८ केंद्राचा असला तरी अंमलबजावणी राज्य करते. कलम ६८ नुसार राज्य परिवहन प्राधिकरण आणि त्याखाली प्रादेशिक परिवहन प्राधिकरण असते. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. ऑटो आणि प्रवासी गाड्यांचे परवाने हा त्यांचा विषय. वाहतूक व्यवसायात ज्याचे पैसे गुंतले आहेत, त्याला तिथे सदस्य होता येत नाही.

एसटी महामंडळ मात्र मार्ग परिवहन महामंडळ कायदा, १९५० खाली चालतं. त्याचं कलम १८ पुरेशी, किफायतशीर आणि सुसूत्र सेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्य ठरवतं. कलम २२ सांगतं की कारभार व्यावसायिक तत्त्वावर चालवा. "फेरी तोट्यात आहे" हे उत्तर कलम २२ मधून येतं. आपण अर्जात कलम १८ लिहायचं.

आपल्या समाजात एक गैरसमजही आहे. बसच्या परवान्यांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षणाची तरतूद कलम ७१ मध्ये आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींत बौद्धांचाही समावेश झाला. पण ही तरतूद किमान पाच लाख लोकसंख्येच्या शहरांतील मार्गांसाठी आहे, तीही सरकारने गाड्यांची संख्या मर्यादित केली असेल तरच. खेड्याच्या मार्गावर "कोट्यातून परवाना काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मग काय करायचं? ग्रामसभेत ठराव घ्या. किती विद्यार्थी, कोणती वेळ, किती किलोमीटर, हे त्यात लिहा. मुलींच्या पासची संख्या जोडा. अर्ज आगार व्यवस्थापक आणि विभाग नियंत्रकांना द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. शिक्का मारलेली पोच घ्या. उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकारात त्या फेरीचं उत्पन्न आणि ती बंद करण्याचा आदेश मागा. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.

एसटी ही कोणाची मेहरबानी नाही. पण तोंडी मागणीची नोंद कुठेच राहत नाही, म्हणून मागणी कागदावर करा.