पांढरे डाग आणि पायांतले बळ

मल्टिपल स्क्लेरोसिस, संक्षेपाने एमएस, या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते आणि चेतातंतूंभोवतीचे मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन ठिकठिकाणी नष्ट करते. वेष्टन गेलेल्या तंतूतून संदेश मंदावतो किंवा अडतो, आणि पुढे तंतूच तुटला तर ती हानी सहसा भरून येत नाही. १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात इयन यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएसच्या रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले, तेव्हा सीटी स्कॅनला न दिसणारे कितीतरी चट्टे त्यात उमटले. त्यामुळे निदानाची रीतच पालटली आणि २००१ मध्ये ठरलेल्या मॅकडोनल्ड निकषांत या चित्रांना मध्यवर्ती स्थान मिळाले.

एमआरआयचे यंत्र म्हणजे मुळात एक प्रबळ चुंबक असून, ऊतींमधील पाण्यातले हायड्रोजनचे अणू रेडिओलहरींना जो प्रतिसाद देतात त्यावरून ते चित्र घडवते. चट्ट्याच्या जागी पाण्याचे प्रमाण वाढलेले असल्याने ‘टी-२’ नावाच्या चित्रात तेथे पांढरा डाग दिसतो, तर शिरेतून दिलेले गॅडोलिनियमयुक्त औषध ताज्या, सूज असलेल्या चट्ट्यात झिरपून त्याला जुन्या चट्ट्यांपासून वेगळे काढते.

तथापि डाग मोजून अपंगत्व कळत नाही, आणि या यंत्राचा खरा परिचय येथूनच सुरू होतो. जॉन कुर्ट्‌झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली अपंगत्वाची ० ते १० अंशांची मोजपट्टी आजही जगभर वापरली जाते. तिच्या सहाव्या पायरीवरील रुग्णाला सुमारे १०० मीटर चालण्यासाठी काठीचा आधार लागतो. मेंदूत डागांची गर्दी असलेला एखादा रुग्ण या पट्टीवर खालच्या पायऱ्यांवर, म्हणजे बराच धडधाकट असतो, तर मोजकेच डाग असलेल्या दुसऱ्याला चाकांची खुर्ची लागते. मेंदूच्या काही भागांतील चट्टे बाहेरून जाणवतही नाहीत. उलट मज्जारज्जूत हातापायांकडे जाणारे सारे मार्ग बोटाएवढ्या जाडीत एकवटलेले असल्याने तेथील लहानसा चट्टाही चाल, लघवीवरील ताबा आणि पायांची संवेदना एकदमच बिघडवू शकतो.

म्हणूनच अभ्यासकांचे लक्ष डागांकडून आकारमानाकडे वळले. लंडनच्याच क्वीन स्क्वेअर येथील निक लॉसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मोजले, आणि ते जितके कमी तितके अपंगत्व अधिक, असा स्पष्ट संबंध त्यांना आढळला. मेंदूतील थॅलॅमससारख्या खोलवरच्या करड्या भागांचे आक्रसणेही अपंगत्वाशी जुळते, असे पुढील अभ्यासांनी दाखवले. मज्जारज्जूचे चित्रण मात्र कष्टाचे असते, कारण अवयव बारीक, भोवतालचा द्रव प्रत्येक ठोक्याबरोबर हलणारा आणि श्वास व गिळणे यांनी चित्र धूसर होणारे. याच अडचणींपायी, शिवाय वेळ आणि खर्च वाचवण्यासाठी, तो भाग अनेकदा वगळला जातो, आणि चालणे बिघडलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही काटकसर चुकीचीच म्हणावी लागेल.

भारतात एमएस विरळ आहे हा जुना समज मुंबईच्या पारशी समाजातील रुग्णांच्या पाहणीने १९८८ मध्येच डळमळीत केला. तरीही येथे चित्र वाचताना सावधगिरी हवी: मज्जारज्जूत सलग तीन किंवा अधिक मणक्यांएवढा लांब चट्टा दिसला, तर तो बहुधा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या निराळ्या आजाराकडे बोट दाखवतो, आणि एमएसची काही औषधे त्या आजारात अपाय करू शकतात.

यंत्रमागांच्या भिवंडीजवळच्या टेमघरसारख्या ठिकाणी या शास्त्राचा आणखी एक पैलू महत्त्वाचा ठरतो. शरीराचे तापमान वाढले की एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात; श्रमानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते. यंत्रमागाच्या तापलेल्या शेडमध्ये काम करणाऱ्या रुग्णाचे पाय दुपारी लटपटू लागले आणि एमआरआयमध्ये नवा डाग नसला, तरी त्याची तक्रार खोटी ठरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे, परंतु अनेक लाभांसाठी लागणारे किमान ४० टक्के दिव्यांगत्व फिल्मवरून नव्हे, तर रुग्णाला तपासून ठरते. त्यामुळे रुग्णाने एमआरआयसोबत चालण्याची, पडण्याची आणि थकव्याची तारीखवार नोंद ठेवावी, आणि केवळ अहवालाचा कागद न जपता मूळ चित्रांची सीडीही सांभाळावी, कारण मज्जारज्जू किती बारीक झाला हे जुने चित्र समोर असल्याखेरीज कोणत्याही तज्ज्ञाला सांगता येत नाही.