मोटरवर चालणारी घडीची भिंत : मापे आणि काटकसर

शाळेचे सभागृह दिवसाचा बराच काळ रिकामे राहते आणि त्याच इमारतीत दोन वर्ग एका खोलीत दाटीने बसतात, हे दृश्य आपल्या देशात अपरिचित नाही. एकच जागा दोन कामांसाठी वापरण्याचे एक साधन म्हणजे घडीची भिंत होय. बिजागऱ्यांनी जोडलेले फलक छताजवळच्या रुळाला टांगलेले असतात व विजेची मोटर ते ओढते. भिंत उलगडली की दोन खोल्या होतात. मिटली की एक सभागृह होते. अशी भिंत स्वस्त नसते. तिचा बराचसा खर्च मात्र कारखान्यात नव्हे, तर नकाशावर मापे लिहिली जातात तेव्हाच ठरतो.

उदाहरणार्थ, एका सभागृहाची रुंदी १२ मीटर व उंची ४ मीटर आहे असे समजू. ध्वनिरोधक फलकांचे वजन दर चौरस मीटरला ३५ किलोग्रॅम धरले, तर ४८ चौरस मीटरांच्या भिंतीचे वजन १,६८० किलोग्रॅम होते. वरचा १ मीटर भाग कायमचा बांधून घेतल्यास हलणारे वजन १,२६० किलोग्रॅमवर येते. हा स्थिर भाग छताच्या स्लॅबपर्यंत नेला पाहिजे. अन्यथा एका वर्गाचा आवाज वरून दुसऱ्यात जाईल.

आता रुंदीचा विचार करू. प्लायवुडचा सर्वसाधारण तक्ता १.२२ मीटर रुंद व २.४४ मीटर लांब असतो. फलक १.२ मीटर रुंद ठेवल्यास रुंदीत जवळजवळ काहीच वाया जात नाही. १ मीटरचा ठेवल्यास प्रत्येक तक्त्याची २२ सेंटिमीटरांची पट्टी उरते; शिवाय फलकांची संख्या वाढून बिजागऱ्या, चाके व आवाज झिरपणारे सांधेही वाढतात.

याहून मोठी बचत रुळाच्या तुळईत आहे. दर मीटरवरील भार तोच असता तुळईची वाक तिच्या लांबीच्या चौथ्या घातानुसार वाढते. तुळई वाकली की फलक जमिनीला घासू लागतात. म्हणून दोन्ही टोकांना १.२ मीटर पक्की भिंत बांधून तिच्या कडेला खांब दिले, तर मधला गाळा ९.६ मीटरांचा, म्हणजे बरोबर ८ फलकांचा होतो. त्याच तुळईची वाक सुमारे दोन-पंचमांशावर येते आणि हलणारे वजन १,००८ किलोग्रॅम राहते. १० सेंटिमीटर जाडीचे ८ फलक मिटल्यावर ८० सेंटिमीटरांहून थोडी अधिक जागा अडवतात. त्यामुळे मोकळी वाट ९ मीटरांहून कमी राहील, हे आधीच मान्य केले पाहिजे.

मोटरमध्ये काटकसर शोधणे मात्र व्यर्थ आहे. चाकांचे घर्षण वजनाच्या २ टक्के धरले, तर ओढ सुमारे २०० न्यूटन लागते. सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने त्यासाठी केवळ २० वॅट शक्ती पुरते. सुरुवातीचा जोर, फलकांची घडी व कडांचे घर्षण यांसाठी कित्येक पट मोठी मोटर घेतली, तरी ती लहानच असते.

परंतु लहान मोटर म्हणजे लहान धोका नव्हे. संथपणे येणारा १,००० किलोग्रॅमचा भार वाटेतल्या मुलासाठी आपोआप थांबत नाही. २०१८ साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील एका शाळेत अशाच भिंतीत सापडून ९ वर्षांचा विद्यार्थी मरण पावला. यास्तव अडथळा जाणवताच भिंत थांबवणारी यंत्रणा हवी. कळ दाबून धरली असेपर्यंतच भिंत चालावी. आणि दोन्ही बाजूंस प्रौढ माणूस पाहत असल्याखेरीज ती सुरूच होऊ नये.

मापे विचारपूर्वक ठरवली म्हणजे पैसा वाचतो. त्यातील पहिला वाटा या सुरक्षेसाठी राखून ठेवावा. तेथे केलेली काटकसर ही काटकसर नव्हेच.