वस्त्रे आणि अधिकार

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला आणि चुलते रघुनाथराव यांनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळविली. परंतु वाडा, शिक्का आणि वस्त्रे रघुनाथरावांच्या हाती असूनही, न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना या वधाबद्दल दोषी ठरवून पुणे सोडले, आणि बारभाई या कारभारी मंडळातील मुत्सद्द्यांनी नारायणरावांच्या मागे त्यांच्या पत्नी गंगाबाईंच्या पोटी जन्मलेल्या पुत्रास, तो अवघ्या चाळीस दिवसांचा असताना, पेशवेपद देवविले. ज्याला अद्याप मानही सावरत नव्हती, त्या अर्भकाच्या नावे दौलतीचा कारभार चालला. उलट पराक्रमी रघुनाथरावांना 1775 मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह करून परक्या फौजेचा आधार शोधावा लागला. सत्ता बळाने बळकावता येते. अधिकार मात्र न्याय आणि संमती यांनीच सिद्ध होतो.