वडिलांची चाल

सुरत म्हटले की आमच्या वाचकांस हिरे आठवतात, साड्यांच्या पेठा आठवतात. त्या नगरीत चालत्या चित्रांचा अभ्यास पाहावयास मिळेल असे आम्हांस वाटले नव्हते. एका कामानिमित्त तेथे गेलो असता उधना येथे पूर्वीच्या ओळखीच्या एका खानदेशी कुटुंबाकडे आम्ही उतरलो. नंदुरबार, अमळनेर, जळगाव या बाजूंची हजारो माणसे भुसावळ-सुरत लोहमार्गाने पोटासाठी येऊन तेथे स्थायिक झाली आहेत. हे कुटुंब त्यांपैकीच. वडिलांचे आयुष्य यंत्रमागावर गेले. मुलगा साड्यांचे नक्षीकाम संगणकावर आखून देतो. दिवसभर बुट्टे, वेलपत्ती आणि पदर. रात्री जेवणानंतर मात्र तो तशीच लेखणी हाती घेऊन माणसे चालवतो.

चित्रातील माणूस चालविणे हे पुष्कळ कष्टाचे काम आहे. पडद्यावर एका सेकंदास २४ चित्रे सरकतात. हाताने काढताना बहुधा एक चित्र दोन वेळा दाखवितात, म्हणून सेकंदास १२ चित्रे पुरतात. तेवढ्यात माणसाची दोन पावले पडतात. टाच टेकते, अंगाचा भार येऊन शरीर किंचित खाली बसते, दुसरा पाय शेजारून पुढे जाताना ते पुन्हा वर उचलते. हा चढउतार चुकला की माणूस जमिनीवर न चालता हवेत तरंगू लागतो. पूर्वी खालून उजेड सोडलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवून मागील चित्राच्या आधाराने पुढील चित्र काढीत. आता संगणकाच्या पडद्यावर मागचे व पुढचे चित्र फिकट दिसत राहते. त्यासाठी लागणारी क्रिता, ओपनटून्झ ही साधने विनामूल्य मिळतात. ही गोष्ट गरिबाघरच्या मुलास केवढी आहे हे सांगावयास नको.

याच अभ्यासाचा एक प्रकार म्हणजे रोटोस्कोप. खऱ्या माणसाचे चलच्चित्र घ्यावयाचे आणि त्यातील एकेक चित्र गिरवीत जावयाचे. अमेरिकेत मॅक्स फ्लाइशर यांनी १९१५ साली या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९१७ साली ते त्यांस मिळाले. त्यांनी आपल्या भावास विदूषकाचा वेष देऊन त्याचे चित्रण केले आणि त्यावरून कोको नावाचा विदूषक पडद्यावर नाचविला. योगायोग असा की त्याच १९१५ च्या सुमारास आपले दादासाहेब फाळके एकेक चित्र टिपीत आगकाड्या हालवीत होते. पुढे १९५६ साली डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवावयास आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले राममोहन हे भारतीय चलच्चित्रकलेचे अध्वर्यू ठरले.

पण आमच्या यजमानांच्या चिरंजीवांस एक शंका छळीत होती. "फादर, गिरवणे ही चोरी नव्हे काय?"

आम्ही म्हटले, कित्ता न गिरवता कोणाचे अक्षर वळणदार झाले? मात्र जन्मभर कित्ताच गिरवणाऱ्यास अक्षर आले असेही कोणी म्हणत नाही. ह्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, आणि ते बरेच झाले. कारण मग त्याने स्वतःचा प्रयोग आम्हांस दाखविला.

त्याने वडिलांस गल्लीतून चालावयास लावून फोनवर त्यांचे चित्रण केले होते. फोन सेकंदास ३० चित्रे घेतो. ती प्रथम २४ च्या मापात बसवावी लागतात, नाही तर पावलांचा ताल जुळत नाही. मग ते चित्रण खालच्या थरावर फिकट करून, वरच्या कोऱ्या थरावर त्याने चार सेकंदांची ४८ चित्रे गिरविली. रेघ कोठेही चुकलेली नव्हती. तरी ती सारखी थरथरत होती. सदऱ्याची प्रत्येक सुरकुती जिवंत होती, माणूस मात्र नव्हता. वडिलांनी ते पाहून अहिराणीत विचारले, "हाऊ कोन शे?"

त्या प्रश्नाने मुलगा आठवडाभर गप्प होता. नंतर त्याने त्याच चित्रणातून मोजकीच चित्रे निवडली: टाच टेकल्याची, भार आल्याची, पाय ओलांडल्याची. चित्रण बंद केले आणि उरलेली चित्रे मनाने काढली. वर्षानुवर्षे कापडाचा तागा वाहिल्याने वडिलांचा उजवा खांदा उतरला आहे. तो त्याने थोडा अधिक उतरविला. पाऊल उचलण्यापूर्वी ते क्षणभर थबकतात, ती थबक वाढविली. सुरकुत्या गाळल्या. हे चित्र पाहताच म्हातारा हसला. "हाऊ ते मीच शे!"

या घरात आणखी एक प्रश्न बसलेला होता. मुंबईच्या एका संस्थेत मुलास रोटोचे काम मिळत होते. त्या धंद्यात रोटो म्हणजे चित्र काढणे नव्हे. नटाच्या आकृतीभोवती चित्रामागून चित्र कडा आखून त्यास पार्श्वभूमीपासून वेगळे करणे होय. परदेशी चित्रपटांचे असे पुष्कळ काम भारतात होते. पगार साडीच्या नक्षीपेक्षा बरा. पण त्यात हाताला वळण मिळत नाही, आणि त्यातील बराच भाग आता कृत्रिम बुद्धीची यंत्रे करू लागली आहेत. आईस पगार दिसत होता. तिला आम्ही दोष देणार नाही. आम्ही एवढेच सांगितले की जावयाचे असेल तर जा, परंतु रात्रीची लेखणी सोडू नकोस. त्याने अद्याप होकार कळविलेला नव्हता.

निघण्याच्या दिवशी सकाळी वडिलांनी ती चार सेकंदे पुन्हा लावावयास सांगितली. दोनदा पाहिली. मग म्हणाले, "मी रिकाम्या हाताने कुठे चालतो? खांद्यावर तागा दे."

खांद्यावर ओझे आले की पाऊल आखूड पडते, कंबर दुसऱ्या बाजूस जाते, मान वळते. म्हणजे ४८ पैकी एकही चित्र उपयोगाचे नाही. मुलाने आमच्याकडे पाहिले, एक उसासा टाकला आणि पहिल्या चित्रासाठी कोरा थर उघडला.