ग्रबच्या मागे रंकाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मित्राचं डीटीपीचं दुकान आहे. जुन्या गिऱ्हाइकांचं काम पेजमेकर आणि श्रीलिपीत अडकलेलं, म्हणून विंडोज ठेवावंच लागतं. बाकी सगळं उबुंटू लिनक्सवर. कॉम्प्युटर चालू केला की दोन्हींची यादी पडद्यावर दहा सेकंद थांबते. ही यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव ग्रब. यादीच्या मागे रंकाळा तलावाचा फोटो हवा, असा मित्राचा हट्ट.

काम तसं किरकोळ. चित्र बूट फोल्डरमधल्या ग्रबच्या फोल्डरमध्ये टाकायचं, सेटिंगच्या फाइलीत ‘ग्रब-बॅकग्राउंड’पुढे त्याचा पत्ता लिहायचा आणि टर्मिनलवर ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवायचं. चित्र सापडल्याचं ती कमांड तिथंच सांगते. पण सापडलं म्हणजे दिसेलच असं नाही. ग्रब चालतो तेव्हा लिनक्स अजून उठलेलंच नसतं, त्यामुळे चित्र वाचायचं तर त्याला स्वतःच्या तुटपुंज्या सामानावर. साधी जेपीईजी, पीएनजी, टीजीए एवढंच त्याला वाचता येतं. ब्राउझरमध्ये झकास दिसणारी प्रोग्रेसिव्ह जेपीईजी इथं नापास. तरी हे दिवस सुखाचेच म्हणायचे. जुन्या ग्रबला ६४० बाय ४८० चं, फक्त १४ रंगांचं चित्र लागायचं.

मित्राने फोटो निवडला तो सूर्यास्ताचा. आभाळ पेटलेलं, खाली पाणी, काठाला शालिनी पॅलेस. फोटो देखणा, पण तिथं कुचकामी. यादीची चौकट जवळपास पडदाभर पसरते आणि नावं सुरू होतात वर डावीकडून, म्हणजे नेमकी त्या उजळ आभाळावर. पांढरी अक्षरं विरघळून गेली. शिवाय ग्रब चित्र पडद्याच्या मापात ताणतो. चारास तीनचा फोटो रुंद पडद्यावर गेला आणि पॅलेस चांगलाच सुटला.

मग दिवेलागणीनंतरचा फोटो घेतला. वरचा भाग गडद निळा, दिवे पार खाली. गिंपमध्ये तो सोळास नऊच्या मापात कापला, वरचा डावा कोपरा आणखी काळवंडवला आणि पीएनजी करून ठेवला. अक्षरांच्या रंगात मागचा रंग ‘काळा’ लिहिला की ग्रब तो पारदर्शक धरतो, म्हणून चौकटीतूनही पाणी दिसतं.

दुकानाचं नाव मराठीत हवं होतं. ग्रबकडे देवनागरीची चिन्हं असली तरी काना-मात्रा, जोडाक्षरं नीट जुळवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. तेव्हा नाव चित्रातच उमटवलं, उजवीकडे, जिथं यादीची ओळ पोहोचत नाही. खाली नको, तिथं बाणाच्या कळांची सूचना असते.

मित्र खूश. आता त्याला जोतिबाच्या चैत्र यात्रेचा फोटो लावायचाय. त्या गुलालावर कुठल्या रंगाची अक्षरं टिकतील, ते आधी बघावं लागेल.