विश्लेषण : रंगमंचावर वादकांना एकमेकांचे वादन ऐकू येते का, हे कसे मोजतात?

न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील फिलहार्मोनिक हॉल १९६२मध्ये सुरू झाला आणि लगेच तक्रारी आल्या. श्रोते नाराज होतेच, पण वादकांनाही रंगमंचावर एकमेकांचे वादन नीट ऐकू येत नव्हते. मुंबईच्या टाटा थिएटरची ध्वनिरचना करणारे सिरिल हॅरिस यांच्या सल्ल्याने १९७६मध्ये सभागृह आतून नव्याने बांधले गेले, तरी वादकांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. अखेर २०२२मध्ये पुन्हा संपूर्ण नूतनीकरण झाले आणि रंगमंच सुमारे २५ फूट पुढे आणला गेला. असा खटाटोप टाळायचा तर रंगमंचावरचा ध्वनी नेमका मोजावा लागतो.

ऐकू न आल्यास काय बिघडते?

मोठ्या वाद्यवृंदात दोन टोकांच्या वादकांत १५ मीटर अंतर असू शकते. ते कापायला ध्वनीला सुमारे ४४ मिलिसेकंद लागतात. शिवाय मध्ये बसलेले वादक आवाज अडवतात. अशा वेळी भिंती आणि छतावरून परतणाऱ्या ध्वनीचाच आधार असतो. तो कमी पडला, की लय सांभाळणे कठीण जाते.

हा आधार कसा मोजतात?

डेन्मार्कचे ध्वनितज्ज्ञ अँडर्स गेड यांनी १९८०च्या दशकात मांडलेली पद्धत आज आयएसओ ३३८२-१ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. सर्व दिशांना सारखा आवाज सोडणारा स्पीकर रंगमंचावर ठेवतात आणि त्यापासून एक मीटरवर मायक्रोफोन. पहिल्या १० मिलिसेकंदांतील थेट ध्वनीच्या तुलनेत २० ते १०० मिलिसेकंदांत किती ध्वनी परतला, हे डेसिबलमध्ये काढतात.

मग नवे तंत्र कशासाठी?

हा आकडा ध्वनी किती परतला ते सांगतो. कुठून परतला ते नाही. छताचा आणि बाजूच्या भिंतीचा परिणाम वेगळा असला, तरी आकडा सारखाच येऊ शकतो. अवकाशीय मायक्रोफोनमध्ये चार किंवा त्याहून अधिक छोटे मायक्रोफोन एकत्र बसवलेले असतात. काहींत चेंडूएवढ्या गोळ्यावर ३२. प्रत्येकाने टिपलेल्या ध्वनीतील सूक्ष्म फरकावरून संगणक दिशा शोधतो. थेट आवाजानंतर ३० मिलिसेकंदांनी आलेला ध्वनी सुमारे १० मीटर जादा फिरून, डावीकडच्या भिंतीवरून आला, इतके नेमके कळू शकते.

फायदा काय, मर्यादा काय?

कोणती भिंत तिरकी करायची, छताखालचे परावर्तक किती खाली घ्यायचे, हे अंदाजावर सोडावे लागत नाही. मात्र मोजणी बहुधा रिकाम्या रंगमंचावर होते. ८०-९० वादक बसले की चित्र बदलते. म्हणून मोजणीनंतरही वादकांना विचारावेच लागते.