पूर्वनिर्धारित मूल्य म्हणून स्थिरांक : फंक्शनमधील एका दोषाचे विवेचन

महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक रायगड जिल्ह्यात; दुसरा पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. रायगड हे नावही १९८१ पासूनचे. तत्पूर्वी तो कुलाबा जिल्हा होता. तरीही संगणकीय आज्ञावलीत जिल्ह्याचे नाव ‘स्थिरांक’ म्हणून लिहिण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखात त्यातून उद्भवणाऱ्या एका दोषाचा विचार केला आहे.

फंक्शनला एखादे मूल्य दिले नाही, तर जे गृहीत धरले जाते ते पूर्वनिर्धारित मूल्य होय. समजा, दुसऱ्या कर्जतमधील एका महाविद्यालयाने ‘पत्ता’ हे फंक्शन सी-शार्प भाषेत लिहून स्वतंत्र लायब्ररीत ठेवले. जिल्हा दिला नसल्यास ‘मूळजिल्हा’ हा स्थिरांक घ्यावा, अशी त्यात योजना आहे. २०२४ नंतर स्थिरांक बदलून लायब्ररी नव्याने संकलित केली. परंतु तिचा वापर करणारी परीक्षा विभागाची आज्ञावली जुनीच राहिली. गुणपत्रिकेवर ‘अहमदनगर’च छापून येते! कारण सी-शार्पचा कंपायलर पूर्वनिर्धारित मूल्य फंक्शनमध्ये ठेवून थांबत नाही. संकलनाच्या वेळीच तो ते हाक मारणाऱ्या आज्ञावलीत उतरवून ठेवतो. त्रुटीचा संदेश येत नाही आणि लायब्ररीचा मजकूर वाचणाऱ्यास तो निर्दोषच दिसतो. शोध भलतीकडेच सुरू होतो.

अन्य भाषांचे वर्तन निराळे आहे. पायथॉनमध्ये हे मूल्य फंक्शनची व्याख्या अमलात येताना एकदाच ठरते, तर जावास्क्रिप्टमध्ये मूल्य न दिलेल्या प्रत्येक हाकेच्या वेळी नव्याने ठरते. पीएचपीच्या आठव्या आवृत्तीपूर्वी तर स्थिरांकाचे नाव चुकीचे लिहिल्यास ते नावच मजकूर म्हणून स्वीकारले जाई. सूचना मिळे, पण काम थांबत नसे. २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून तेथे त्रुटी उद्भवते.

यावर रूढ उपाय असा की, पूर्वनिर्धारित मूल्य रिक्त ठेवावे आणि स्थिरांक फंक्शनच्या आत वाचावा. मात्र सी-शार्पमध्ये तो स्थिरांक तिसऱ्याच लायब्ररीत असेल, तर त्याचीही प्रत संकलनाच्या वेळी उतरवली जाते आणि दोष एक पायरी मागे सरकतो. शिवाय जिल्ह्याच्या बाबतीत हा उपाय अपुराच आहे. रायगडमधील कर्जतच्या विद्यार्थ्याने जिल्ह्याचा रकाना मोकळा सोडला, तर अद्ययावत स्थिरांकही त्यास निमूटपणे अहिल्यानगरात नेऊन बसवील. अशा ठिकाणी पूर्वनिर्धारित मूल्य ठेवूच नये. मग जिल्हा न देता मारलेली हाक कंपायलर संकलनाच्या वेळीच नाकारतो.